खातेवही आणि बंदूक

नोकरीतली सहा वर्षे मी सातारा जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखेत काढली. तो मुलूख फौजेचा. अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक 'मिलिटरी' लावतात ते उगाच नव्हे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे पेन्शनरांची रांग लागे, आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांसाठी तर पायरीवरही जागा नसे. दारातला आमचा गार्डही निवृत्त नाईक होता. त्याच्या खांद्यावर बारा बोअरची दुनळी असे. ती त्याची स्वतःची, त्याच्या स्वतःच्या परवान्यावरची. परवाना होता म्हणूनच त्याला ही नोकरी मिळाली होती.

एके दिवशी एक बाई काउंटर सोडून थेट माझ्या टेबलाशी आल्या. नवरा हवालदार म्हणून निवृत्त झालेला, एकाहत्तरच्या लढाईत होता. "साहेब, ह्यांचं डोकं ठिकाणावर न्हाई," त्या म्हणाल्या. "पेन्शन काढत्यात आन् वाटंत दिसंल त्याला वाटून टाकत्यात. घरापत्तुर काय येतच न्हाई. माज्या हातात द्या की." मी त्यांना नियम सांगितला. खाते एकट्याच्या नावावर आहे. ते स्वतः येऊन सही करतात. 'मावशी, जिल्हा न्यायालयातून पालक नेमून आणा, मग बघू.' त्या काही न बोलता उठल्या. न्यायालयाचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता हे मला दिसत होते, पण नियमात दुसरी वाट नव्हती.

हे सारे आठवायला निमित्त झाले ते २०२३ च्या ऑक्टोबरात. मी तेव्हा मुलीकडे, मॅसॅच्युसेट्समध्ये होतो. २५ ऑक्टोबरच्या रात्री मेन राज्यातल्या लुइस्टन गावी एका माणसाने आधी बोलिंगच्या सभागृहात आणि मग एका उपाहारगृहात गोळीबार करून अठरा माणसे मारली. तो अमेरिकी लष्कराच्या राखीव दलातला होता. त्याच जुलैत त्याला न्यूयॉर्कमधल्या मनोरुग्णालयात दोन आठवडे ठेवले होते. दोन दिवस त्याचा शोध चालू होता आणि आम्ही घरात बसून टीव्ही पाहत होतो. त्या दोन दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मला एक छोटी बातमी दिसली. त्याच २५ तारखेला वॉशिंग्टनमध्ये सिनेटने ५३ विरुद्ध ४५ मतांनी एक दुरुस्ती मंजूर केली होती. माजी सैनिकांचे खाते, म्हणजे 'व्हेटरन्स अफेअर्स' किंवा तिथल्या बोलीत 'व्हीए', ज्या सैनिकांचा पैशाचा व्यवहार दुसऱ्याच्या हाती सोपवते, त्यांची नावे बंदूक-बंदीच्या यादीत घालण्याचा त्या खात्याचा जुना परिपाठ बंद करण्याची ती दुरुस्ती होती.

पैशाचा व्यवहार दुसऱ्याच्या हाती, म्हणून बंदूक नाही. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाक्य दोनदा वाचावे लागले. हिशेब न जमणे आणि बंदूक ठेवण्यास अपात्र असणे यांची गाठ कुणी, कधी आणि कशी मारली? परत आल्यावर दोन वर्षे मी याच एका धाग्यामागे होतो.

धाग्याचे पहिले टोक पैशाचे आहे. अमेरिकेत सैनिकांच्या मनाच्या जखमांना दर युद्धात नवे नाव मिळाले. यादवी युद्धानंतर फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेकब द कोस्टा यांनी १८७१ साली सैनिकांच्या धडधडणाऱ्या छातीवर निबंध लिहिला. पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' आले. व्हिएतनामनंतर १९८० साली मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात 'पीटीएसडी' दाखल झाले. नावे बदलत गेली तरी एक अडचण बदलली नाही. सरकार अशा सैनिकाला भरपाई देते, पण तो ती सांभाळू शकत नसेल तर द्यायची कुणाच्या हातात?

पहिल्या महायुद्धानंतर हा प्रश्न हजारोंच्या संख्येने उभा राहिला, आणि जिथे असहाय माणसाचा पैसा असतो तिथे पालकांची गर्दी होते. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात अनेक माजी सैनिक होते. फ्रेडरिक फेनिंग नावाचा एक वकील त्यांतल्या कितीतरी जणांचा कायदेशीर पालक झाला होता. पुढे तो राजधानीच्या शहराचा आयुक्तही झाला. या रुग्णांच्या पैशातून तो फी आणि कमिशन काढतो असे आरोप संसदेत झाले आणि १९२६ साली त्याला राजीनामा द्यावा लागला. असल्या प्रकरणांनी उठलेल्या ओरडीनंतर १९२८ साली राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला. एका पालकाने किती सैनिकांचे पालकत्व घ्यावे, किती मेहनताना घ्यावा, हिशेब कुणाला द्यावा, हे त्यात बांधून दिले होते. आज व्हीएकडे जी पालक-व्यवस्था आहे तिचा वंश इथे सुरू होतो. ती सैनिकाचा पैसा लुबाडला जाऊ नये म्हणून निर्माण झाली. तिच्या जन्मपत्रिकेत बंदूक कुठेही नव्हती. माझ्या टेबलाशी आलेल्या बाईंना हवी होती ती अगदी हीच सोय.

दुसरे टोक बंदुकीचे. ते सुरू होते एका पोस्टल मनीऑर्डरपासून. मार्च १९६३ मध्ये शिकागोच्या एका दुकानाकडे 'ए. हिडेल' या खोट्या नावाने २१ डॉलर ४५ सेंट गेले आणि टपालाने एक इटालियन रायफल आली. मागवणारा होता ली हार्वी ओस्वाल्ड, मरीन दलातून बाहेर पडलेला. तेरा वर्षांचा असताना न्यूयॉर्कमध्ये त्याची मानसिक तपासणी झाली होती. त्याच रायफलीने नोव्हेंबरात अध्यक्ष केनेडींचा बळी घेतला. तीन वर्षांनी, १ ऑगस्ट १९६६ रोजी, चार्ल्स व्हिटमन हा आणखी एक माजी मरीन टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावर चढला आणि दीड तास खालच्या माणसांवर गोळ्या झाडत राहिला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याने विद्यापीठाच्या मानसोपचारतज्ज्ञाला सांगितले होते की, मनोऱ्यावर जाऊन माणसे टिपावीत असे आपल्या मनात येते. हत्याकांडाच्या सकाळी त्याने दुकानांतून दोन नव्या बंदुका घेतल्या. त्याला कुणी काही विचारले नाही, कारण विचारण्याचा कायदाच नव्हता.

मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्यावर १९६८ च्या २२ ऑक्टोबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी 'गन कंट्रोल अ‍ॅक्ट'वर सही केली. टपालाने बंदूक मागवणे त्याने जवळजवळ बंद केले. बंदूक कुणाला मिळू नये याची जी यादी त्यात आली तीत गुन्हेगार होते, अमली पदार्थांचे व्यसनी होते, आणि एक गट असाही होता: मनोरुग्णालयात सक्तीने दाखल केलेले, किंवा 'मेंटल डिफेक्टिव्ह' असा निवाडा झालेले.

हा शब्दप्रयोग मला कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. 'डिफेक्टिव्ह' म्हणजे सदोष. कारखान्यातून परत पाठवायच्या मालासारखा. विसाव्या शतकाच्या आरंभी वंशशुद्धीच्या नादी लागलेल्या मंडळींनी जन्मतःच बुद्धी कमी असलेल्यांना हे लेबल लावले होते. १९६८ साली ते डॉक्टरी भाषेतूनही जवळजवळ हद्दपार झाले होते, पण कायदा करणाऱ्यांना ते सापडले आणि त्यांनी ते व्याख्या न करता घातले. १९७३ साली एका केंद्रीय अपील न्यायालयाने सांगून टाकले की, हा शब्द ज्यांची बुद्धी कधीच सर्वसाधारण नव्हती अशांपुरता आहे. नंतर मानसिक आजार झालेल्यांना तो लागू नाही. त्या न्यायाने युद्धावरून शहाणा गेला आणि विस्कटून परत आला असा सैनिक त्यात बसतच नव्हता.

त्याला आत घेतले ते १९९७ च्या एका नियमाने. पण त्यासाठी मधली एक पायरी सांगायला हवी. १९८१ साली अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा मानसोपचार घेत होता. रेगन वाचले, त्यांचे प्रसिद्धी-सचिव जेम्स ब्रेडी जन्माचे अपंग झाले. ब्रेडी दांपत्याने अनेक वर्षे खटपट केल्यावर १९९३ साली त्यांच्या नावाचा कायदा झाला: बंदूक विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासायची. त्यासाठी देशभराची एक संगणकीय यादी हवी, आणि यादी भरायची तर 'मेंटल डिफेक्टिव्ह' म्हणजे कोण हे ठरवायला हवे. बंदुकांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय खात्याने जून १९९७ मध्ये व्याख्या जाहीर केली. न्यायालय, मंडळ, आयोग किंवा 'इतर कायदेशीर अधिकारी' यांनी मानसिक आजारामुळे किंवा अक्षमतेमुळे ज्याच्याबद्दल दोहोंपैकी एक ठरवले असेल तो. पहिले, तो स्वतःला किंवा इतरांना धोकादायक आहे. किंवा दुसरे, तो करार करण्यास वा स्वतःचे व्यवहार सांभाळण्यास असमर्थ आहे.

गाठ मारली गेली ती त्या 'किंवा'ने. मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या तेव्हा खुद्द व्हीएने लिहून कळवले होते की, या व्याख्येत आम्ही ज्यांना आर्थिक व्यवहारास अक्षम ठरवतो ते सगळे येतील. नियम करणाऱ्यांचे उत्तर थोडक्यात असे होते: तुम्ही बरोबर वाचलेत. सरकारी राजपत्रातल्या त्या दोन-तीन ओळी वाचताना मला आमच्या बँकेची परिपत्रके आठवली. मोठे अनर्थ बहुधा असल्याच ओळींतून होतात. त्यामागे दुष्टावा नसतो. व्याख्या सर्वांना पुरली पाहिजे एवढीच एखाद्या चोख कारकुनाची इच्छा असते.

३० नोव्हेंबर १९९८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्ग या गावी एफबीआयची तपासणी-यंत्रणा सुरू झाली. दुकानदाराने फोन करायचा, नाव सांगायचे, उत्तर घ्यायचे. तीन कामाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर तो विकू शकतो. व्हीएने आपल्या दफ्तरातली नावे तिथे पाठवली आणि पुढे पाठवत राहिली. राज्ये तेव्हा हात आखडून होती. कुणाकडे संगणक नव्हता, कुणाचा गोपनीयतेचा कायदा आड येत होता. त्यामुळे कितीतरी वर्षे केंद्रीय खात्यांकडून आलेल्या मानसिक कारणांच्या नोंदींत व्हीएच्या नोंदी जवळजवळ सगळ्याच होत्या. पुढे त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. देशभरातल्या मनोरुग्णांची म्हणून जी यादी केली ती सुरुवातीला बरीचशी सैनिकांचीच होती, कारण त्यांची नावे एका जागी, नीट टंकलिखित, हजर होती. नोंदी नीट ठेवल्याची अशी शिक्षा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

यादीत नाव कसे जाई ते सांगतो. सैनिकाला अपंगत्वाची भरपाई मंजूर होते. एखाद्या डॉक्टरी अहवालात शेरा असतो: पैशाचे व्यवहार जमत नाहीत. मेंदूला मार लागलेला, स्मृतिभ्रंश झालेला, भ्रम होणारा, कधी नुसताच म्हातारा झालेला. व्हीएचा अधिकारी त्याला 'तुम्हाला अक्षम ठरवण्याचा प्रस्ताव आहे' असे पत्र पाठवतो. उत्तराला साठ दिवस. सुनावणी मागता येते. शंका असेल तर माणूस सक्षमच समजावा असा खात्याचाच नियम आहे, ही बाब दोन्ही बाजूंचे लोक सांगायला विसरतात. पण पुष्कळजण उत्तरच देत नाहीत, कारण पत्र पैशाबद्दल आहे असे त्यांना वाटते आणि बायकोने हिशेब बघायला त्यांची ना नसते. निर्णय होतो. बहुतेक वेळा बायको किंवा मुलगा पालक नेमला जातो. आणि त्या दिवसापासून घरातली शिकारीची रायफल ठेवणे हा केंद्रीय गुन्हा होतो. तो माणूस धोकादायक आहे का, हा प्रश्न या सगळ्या प्रवासात कुणी विचारलेला नसतो. न्यायाधीश तर कुठेच नसतो.

बायकोच्या नावावर बंदूक असली तरी गुंता सुटत नाही. ती नवऱ्याच्या हाताशी असली तर ताबा त्याचाच धरला जाऊ शकतो. म्हणजे ज्या बाईने घर सावरायला हिशेब हाती घेतला तिचीही बंदूक घराबाहेर. गावाबाहेर एकटे घर, पोलीस अर्ध्या तासाच्या अंतरावर, असल्या मुलखात ही लहान गोष्ट नाही. आपल्याला हे उमगायला जरा जड जाते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदूक ही सरकारने दिलेली सवलत आहे. मन स्थिर नसलेल्याला परवाना नाकारावा असे कलम १४ सरळ सांगते आणि त्यावर कुणी मोर्चा काढत नाही. तिकडे ती घटनेतली दुसरी दुरुस्ती आहे. माजी सैनिकांची तक्रार एका वाक्यात अशी: आम्ही ज्या घटनेची शपथ घेऊन लढलो तिच्यातला हक्क आमच्याकडून एका कारकुनाच्या पत्राने काढून घेतला.

हक्क परत मिळवायची वाट कागदावर होती. १९८६ च्या दुरुस्तीने अशा लोकांनाही बंदूक-खात्याकडे अर्ज करता येत होता. पण १९९२ पासून संसदेने दरवर्षी अंदाजपत्रकात एक ओळ घातली: व्यक्तींच्या अशा अर्जांवर पैसा खर्च करायचा नाही. कायदा रद्द नाही, खर्च बंद. म्हणजे दार उघडे आणि दारामागे भिंत. यादी सुरू झाल्यानंतर दहा वर्षे यादीतल्या सैनिकाला बाहेर पडायला व्यवहारात मार्गच नव्हता.

तो मार्ग उघडला एका भयंकर घटनेमुळे. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने बत्तीस जणांना ठार मारले. त्यांत तमिळनाडूतून गेलेले एक प्राध्यापक होते, आणि मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक तरुणी होती. तिचा फोटो आपल्या वर्तमानपत्रांत आला होता. माझ्या मुलीच्याच वयाची, म्हणून तो लक्षात राहिला. मारेकऱ्याला सव्वा वर्षापूर्वी एका न्यायाधिकाऱ्याने 'स्वतःला धोकादायक' ठरवून उपचार घेण्याचा हुकूम दिला होता. म्हणजे तो केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत पुरता बसत होता. पण उपचार रुग्णालयात न राहता घ्यायचे होते, आणि व्हर्जिनिया राज्य फक्त रुग्णालयात दाखल केलेल्यांची नावे कळवत असे. दोन्ही पिस्तुले त्याने तपासणीतून पार होऊन, रीतसर विकत घेतली. त्या दिवशी त्या यादीत लाखभर माजी सैनिक होते, त्यांतल्या बहुतेकांचा दोष चेकबुक न सांभाळता येणे एवढाच. आणि जो तीत असायलाच हवा होता तो नव्हता.

यानंतर राज्यांनी नावे कळवावीत म्हणून झालेल्या कायद्यावर जानेवारी २००८ मध्ये अध्यक्ष बुश यांनी सही केली. त्यात सैनिकांसाठीही तडजोड होती. व्हीएने स्वतःच दाद मागण्याची व्यवस्था करावी, आणि सुनावणीची संधी न देता केवळ डॉक्टरी निदानावर कुणाचे नाव धाडू नये. २०१६ साली सूचना, सुनावणी आणि वकील यांची हमी आणखी पक्की झाली. पण दाद मागायची तर आपण धोकादायक नाही हे सैनिकानेच ठोस पुराव्याने सिद्ध करायचे. आपण धोकादायक नाही याचा पुरावा कसा असतो? अर्ज फार थोडे आले आणि मंजूर झालेले त्याहून थोडे.

त्याच सुमारास हीच गाठ दुसरीकडे मारायचा प्रयत्न झाला. ओबामांच्या कारकिर्दीच्या अखेरीस सामाजिक सुरक्षा खात्यानेही, मानसिक आजाराची भरपाई ज्यांच्या वतीने दुसरा कुणी घेतो अशा सुमारे ७५ हजार लोकांची नावे दरसाल पाठवण्याचा नियम केला. २०१७ च्या फेब्रुवारीत नव्या संसदेने तो रद्द केला. त्या लढाईत बंदूकवाल्यांच्या बाजूला नागरी हक्कवाल्या आणि अपंगांच्या संघटना उभ्या राहिल्या, हे पाहून मला मौज वाटली. त्यांना बंदुकांचे प्रेम नव्हते. मानसिक आजार म्हणजे हिंसा हा शिक्का सरकारने मारू नये, एवढे त्यांचे म्हणणे. सैनिकांसाठीचे तसलेच विधेयक त्या मार्चमध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये अडकले. ते साध्य झाले ते लुइस्टनच्या दिवशी झालेल्या मतदानाने, आणि ९ मार्च २०२४ रोजी अध्यक्ष बायडन यांची खर्चाच्या विधेयकावर सही झाल्यावर: न्यायाधीशाने धोकादायक ठरवल्याखेरीज व्हीएने कुणाचे नाव धाडायला पैसा वापरू नये. पुन्हा तीच युक्ती. कायदा तसाच ठेवून खर्चाची ओळ घालायची. १९९२ साली जी ओळ सैनिकाच्या वाटेत भिंत झाली, तिच्याच जातीची ही ओळ त्याच्यासाठी दार झाली.

इथवर मी सैनिकांच्या बाजूने लिहीत आलो हे वाचकांना जाणवले असेल. कागदपत्रे वाचताना माझे मत तसेच बनत गेले. पण मग मी दुसरे आकडे पाहिले.

२०२२ या एका वर्षात अमेरिकेत ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली. दिवसाला सतरा-अठरा. त्यांतल्या ७३.५ टक्क्यांनी बंदूक वापरली. इतर प्रौढांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. बंदुकीने केलेल्या प्रयत्नात दहातले सुमारे नऊ जण मरतात, गोळ्या-औषधे घेणाऱ्यांतले बहुतेक वाचतात. आणि एकदा वाचलेल्यांतले बहुसंख्य पुढे आत्महत्या करून मरत नाहीत. वाईट घटका येते, तासा-दोन तासांची असते आणि जाते; त्या घटकेत हाताशी काय आहे यावर सगळे ठरते. इस्रायलच्या लष्कराने २००६ साली एक साधा बदल केला. आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना जवानांनी रायफल तळावर ठेवून जायचे. तरुण जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. कुणाचे निदान केले नाही, कुणाला यादीत घातले नाही, कुणाचा हक्क कायमचा गेला नाही.

अमेरिकेत याच्या उलटही झाले. २०११ च्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात असे कलम शिरले की, अधिकाऱ्यांनी जवानाच्या खासगी बंदुकांची माहिती गोळा करू नये. परिणाम असा की, हाताखालचा पोरगा खचलेला दिसत असूनही 'घरी बंदूक आहे का रे?' हा प्रश्न विचारायला अधिकारी कचरू लागले. दोन वर्षांत ते कलम सैल करावे लागले.

आणि यादीची भीती? पीटीएसडीचे निदान झाले किंवा मानसोपचार घेतले म्हणून व्हीए कुणाचे नाव यादीत धाडत नव्हती. पण बारमध्ये, मेळाव्यांत, जुन्या पलटणीच्या गप्पांत मात्र एकच सांगितले जाई: डॉक्टरकडे गेलास की बंदूक गेली. या समजाने किती जण उपचारांपासून लांब राहिले याची नोंद कोणत्याच दफ्तरात होत नाही. यादीने किती जणांचा जीव वाचवला याचीही होत नाही. जे ठरवून म्हणतात की यादी निरुपयोगी होती, त्यांच्याशी म्हणून मला सहमत होता येत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्याच्या घरातून बंदूक गेली, तर त्या घरात सुनेला रात्री झोप लागत असेल. मात्र त्यासाठी खातेवहीचा पुरावा पुरेसा होता, हे मला अजूनही पटत नाही.

लुइस्टनबद्दल मेन राज्याने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये आला. तो मारेकरी व्हीएच्या पालक-यादीत येणारा माणूसच नव्हता. ती यादी असती-नसती तरी त्याला फरक पडला नसता. त्याच्या घरच्यांनी आणि पलटणीतल्या मित्राने आधीच धोक्याची सूचना दिली होती. तो बहिरेपणाची यंत्रे लावू लागल्यापासून लोक आपल्याविषयी वाईट बोलतात असे त्याला वाटू लागले होते, आणि घरात बंदुका होत्या. आयोग म्हणाला की, स्थानिक पोलिसांना त्याला ताब्यात घेऊन बंदुका काढून घेण्याइतका आधार सप्टेंबरातच होता, आणि लष्करातल्या वरिष्ठांनीही करायला हवे होते ते केले नाही. पोलीस घरी गेले होते. त्याने दार उघडले नाही. बंदुका घरच्या माणसांनी सांभाळाव्यात असे ठरवून ते परत आले.

आता व्हीए आणि काही राज्ये बंदुकीची कुलपे वाटतात. काही गावांत दुकानदार स्वखुशीने दिलेली बंदूक काही महिने ठेवून घेतात आणि मागितली की परत देतात. त्याचे नाव कुठेही लिहिले जात नाही. जुने सैनिक एकमेकांना फोन करून सांगतात, 'माझी पेटी थोडे दिवस तुझ्याकडे राहू दे.'

दोन वर्षांपूर्वी परत आल्यावर मी आमच्या जुन्या गार्डला भेटायला गेलो. तो आता ऐंशीच्या घरात आहे. दुनळी त्याने केव्हाच विकली. बोलता बोलता मी त्या हवालदाराच्या बाईंची चौकशी केली. त्याला सगळे आठवत होते. हवालदाराकडेही परवान्याची बंदूक होती, हे मला त्याच्याकडून तेव्हा पहिल्यांदा कळले. "तुमी कोर्टाचं सांगितलं, आन् ती भाईर येऊन माझ्याजवळ रडली," तो म्हणाला. "पैशाचं तर आपल्या हातात न्हवतं. मी म्हणलं, वैनी, बंदुकीचं बघू."

१९९९ च्या निवडणुकीत, दर निवडणुकीत होते तसे, परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. गार्ड हवालदाराच्या घरी गेला. 'चल, माझीबी टाकायचीय,' म्हणून त्याला बरोबर घेऊन आला. दोघांनी रांगेत उभे राहून बंदुका जमा केल्या आणि पावत्या घेतल्या. निवडणूक झाली, निकाल लागले, गार्डने आपली बंदूक सोडवून आणली. हवालदाराची पावती बाईंनी देवघरात पिंजरेच्या डबीखाली ठेवली होती. तो अधूनमधून विचारी, बंदूक कधी आणायची? त्या म्हणत, अजून हुकूम न्हाई आला.